इष्टुर फाकड्याला नारळ का?

परवा आपल्याकडच्या एका ग्रुपवर कुणीतरी वडगावातल्या इष्टुर फाकड्याच्या समाधीचा फोटो टाकला. खाली एकच ओळ : "इंग्रजाच्या दगडाला नारळ कशाला?" रात्रीपर्यंत भांडण पेटलं. एकाचं म्हणणं, उखडून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, असू द्या, पण नाव बदला. तिसऱ्याने थेट अमेरिकेचा दाखला दिला : तिथे विद्यापीठातून दगड हलवला, मग आपण का गप्प बसायचं? मी तिथे काही लिहिलं नाही. ग्रुपवर चार ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधी माणूस कोण ते बघू. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, मुंबईकर इंग्रजांच्या फौजेतला. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं म्हणून 1778 च्या नोव्हेंबरात कंपनीची फौज मुंबईहून निघाली. बोरघाट चढून माथा ताब्यात घ्यायला जी तुकडी पुढे गेली, ती या स्टुअर्टची. मागून मुख्य फौज आली ती सुमारे चार हजारांची, आणि तिच्याबरोबर सामान वाहणारे हजारो बैल. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचा रस्ता आज आपण वीस मिनिटांत काटतो (रविवार सोडून!). या फौजेला त्यासाठी दिवसच्या दिवस लागले. कारण आपल्या लोकांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. बाजूने येऊन मारायचं, रसद तोडायची, चारा-धान्य जाळायचं आणि मागे सरायचं.

4 जानेवारी 1779 ला कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. तो झाडावर चढून मराठ्यांची फौज न्याहाळत होता आणि पानशांच्या तोफखान्यातला गोळा नेमका तिथेच आला, असं आपल्याकडे सांगतात. झाडाचं खरं-खोटं बाजूला ठेवू. फौजेत सगळ्यात पुढे असणारा माणूस गेला, एवढं खरं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 9 जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले तर गाव जाळून मोकळं केलेलं. खायला दाणा नाही, आणि राघोबादादांनी कबूल केलेले सरदार काही येऊन मिळाले नाहीत. 11 च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज मागे फिरली, ती वडगावात कोंडली गेली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि पुण्यात बसून सगळी सूत्रं हलवणारे नाना. जानेवारीच्या मध्यावर तह झाला. साष्टीसकट 1773 पासून घेतलेला मुलूख परत करायचं कबूल करून मगच फौजेला वाट मिळाली. इंग्रजांना हिंदुस्थानात अशी मान खाली घालावी लागल्याचे प्रसंग फार नाहीत. त्यातला एक आपल्या तालुक्याच्या गावी घडलेला आहे.

आता यात स्टुअर्टचं स्मारक इंग्रजांनी जपलं असेल असं वाटतं ना? त्यांना वडगाव हे नावच नकोसं होतं. वॉरन हेस्टिंग्जने तह धुडकावला. कारनॅक, एगर्टन, कॉबर्न या तिघांना कंपनीने नोकरीतून काढलं. हरलेल्या मोहिमेतल्या एका कॅप्टनचा दगड कोण सांभाळणार? तो सांभाळला मावळातल्या लोकांनी. आणि सांभाळला तो त्याला नाव देऊन. स्टुअर्टचं इष्टुर झालं आणि पुढे लागलं फाकडा. ही शिवी नाही, उपहासही नाही. मानाजी शिंद्यांना फाकडे म्हणायचे ते त्यांच्या शौर्यासाठी. पेशवाईतल्या साडेतीन फाकड्यांत हा इंग्रज अर्धा, असंही आपलेच लोक सांगत आले. पूर्ण नाही दिला, अर्धाच दिला. हिशेब चोख आहे! शत्रू होता, आपल्या तोफेने मेला, पण मर्द होता. जिंकलेल्या माणसालाच असं बोलता येतं. हरलेला माणूस दगडावर राग काढतो.

अमेरिकेच्या दाखल्याबद्दलही बोलू, कारण तो अर्धवट सांगितला गेला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या आवारात एक अजस्र धोंडा होता. हजारो वर्षांपूर्वी हिमनदीने उत्तरेकडून ढकलत आणून टाकलेला. थॉमस चेंबरलिन हे भूशास्त्रज्ञ त्या विद्यापीठाचे अध्यक्ष होते, त्यांच्या स्मरणार्थ धोंड्यावर पाटी बसवली. पण 1925 च्या एका वर्तमानपत्रात याच धोंड्याला कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी अत्यंत घाणेरडी शिवी नाव म्हणून छापली गेली होती. ते उजेडात आल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये तो धोंडा क्रेनने उचलून शहराबाहेर विद्यापीठाच्याच जागेत नेऊन ठेवला. बिचाऱ्या चेंबरलिन यांचा त्या शिवीशी काही संबंध नव्हता. धोंड्याचा तर नव्हताच. तरी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती शिवी अंगावर झेलली, त्यांना रोज त्यावरून जावं लागत होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण मग आपल्या दगडाला तो न्याय कसा लावता? तिथे लोकांनी ठेवलेलं नाव अपमानाचं होतं. इथे लोकांनी ठेवलेलं नाव मानाचं आहे, आणि ते आपणच दिलेलं आहे. इष्टुर फाकडा हे नाव पुसलं तर इंग्रजांचं काही जाणार नाही. आपल्या आजा-पणजांची जीभ कापली जाईल.

आपल्याकडे हिमनदी कधी आली नाही. सह्याद्रीचा कातळ इथलाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण परक्या माणसाचं नाव याच कातळात ठेवायची सवय मावळाला जुनी आहे. स्टुअर्ट जिथे पडला त्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. एकवीरेच्या दर्शनाच्या रांगेतून जरा बाजूला व्हा आणि खांब बघा. धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिले, त्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षं होत आली, कुणी ती छिन्नीने घासून काढली नाहीत.

आणि उलट बाजूचा दगडही विसरू नका. जुन्या रस्त्याने बोरघाट उतरताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. धनगर. त्याने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांनीच त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. त्याच्यासमोर ट्रकवाले आजही गाडीचा वेग कमी करून नाणं टाकतात. त्याच घाटात रेल्वेचं काम 1856 ते 1863 चाललं. पटकीने, दरडींनी, सुरुंगांनी हजारो मजूर मेले. त्यांच्या नावाचा तर साधा धोंडाही नाही. राग यायचाच असेल तर त्याचा येऊ दे की!

वडगावात विजयस्तंभ आहे, महादजींचा पुतळा आहे. तो हवाच, आणि अधिक नीट हवा. पण स्तंभ आणि समाधी हे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत. एक वाचला की दुसरा वाचावासा वाटला पाहिजे. आज शाळेची सहल स्तंभापाशी फोटो काढून निघून जाते आणि कार्ल्याला जाऊन वडे खाते. मास्तरांनाही समाधी कुठे ते सांगता येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दोन्हीकडे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात फलक लावा. समाधीच्या फलकावर पहिली ओळ "इष्टुर फाकडा" हीच हवी, कॅप्टन जेम्स स्टुअर्ट दुसऱ्या ओळीत. तारीख लिहा, कार्ले लिहा, तो कुणाच्या बाजूने कशासाठी लढत होता तेही लिहा. काही लपवायचं नाही. राघोबादादा त्या फौजेबरोबर होते हेसुद्धा लिहा, ते वाचायला जड जातं म्हणून गाळू नका. वडगावला कबूल झालेली साष्टी 1782 च्या सालबाईच्या तहात शेवटी इंग्रजांकडेच राहिली, हेही स्तंभाच्या फलकावर येऊ द्या. त्याने विजय लहान होत नाही.

आणि हात जोडून एक विनंती, सुशोभीकरण नको. ऑइलपेंट नको, बाथरूमच्या टाइल्स नकोत, वर नेत्यांचे फोटो असलेला फ्लेक्स नको. आपल्या गावागावांतल्या वीरगळांचं काय झालं ते बघताय ना. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग आणि चंद्र-सूर्य असं कोरलेलं सगळं रंगाच्या थरांखाली बुजलंय. काही ठिकाणी तर त्यावर कपडे धुतात. त्या वीरांची नावं बहुतेक दगडांवर नव्हतीच, आणि गावानेही ती विसरून टाकली. 1779 च्या त्या पंधरवड्यात आपल्या बाजूने जे पडले, त्यांच्यातला एखादा दगड तुमच्या माळावर नसेल कशावरून?

नारळ फोडायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी भांडणार नाही. मी स्वतः फोडत नाही, फूल ठेवतो. फलकाचा मजकूर मी लिहायला घेतलाय. घरात जुन्या माणसांकडून इष्टुरची गोष्ट ऐकली असेल तर खाली जशी ऐकली तशी लिहा, झाड कुठलं होतं तेही सांगा. आंबा की वड, यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत.