नामंजुरीचे पत्र म्हणजे शेवट नव्हे!



रुळावर काम करताना पाय गेला, नजर अधू झाली, मेडिकलमध्ये कॅटेगरी घसरली, की आपल्या माणसाच्या हातात दोन ओळींचे पत्र पडते. ‘योग्य पद रिक्त नसल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही.’ खाली सही आणि शिक्का. पंचवीस-तीस वर्षे ऊनपावसात राबलेल्याचा हिशेब एवढ्यावर मिटतो. मग कोणीतरी हितचिंतक खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “कशाला भांडतोस? स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म भर आणि सुखाने घरी बस.”

आम्ही स्पष्ट सांगतो, हा सल्ला म्हणजे कामगाराचा घात आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016, कलम 20(4) वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे सुपरन्युमररी पदावर ठेवावे लागते. म्हणजे ‘पद रिक्त नाही’ या सबबीचे उत्तर कायद्यातच आहे! शिवाय अपघात ड्युटीवरच झाला पाहिजे, असेही हे कलम म्हणत नाही. आजाराने नजर गेलेला पोस्टमनही त्यात येतो.

हे संरक्षण 1995 च्या कायद्यातही होते, कलम 47 मध्ये. पंजाब राज्य वीज मंडळाचे असिस्टंट लाईनमन भगवान दास यांची दृष्टी गेली. हक्क माहीत नसल्याने त्यांनी निवृत्ती मागितली आणि मंडळाने ती मंजूरही केली. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सेवेत परत घ्यायला लावले. कर्मचाऱ्याला त्याचा हक्क समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने सुनावले. आपल्या किती ऑफिसांत हे कर्तव्य पाळले जाते?

पण प्रशासनाला नावे ठेवून आम्ही मोकळे होणार नाही. दोष आपलाही आहे. आमच्याकडे एक ट्रॅकमन असेच पत्र घेऊन आला. आम्ही निवेदन दिले. बैठकीत विषय मांडला. साहेब बदलले, पुन्हा निवेदन दिले. ‘बघतो’ या एका शब्दावर आम्ही दीड वर्ष काढले. वकिलाकडे गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “पत्राची तारीख काय?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. मुदत केव्हाच टळली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज तयार होईपर्यंत त्या साथीने निवृत्तीच्या फॉर्मवर सही करून टाकली होती. घरात चूल पेटायची होती. त्या सहीला जितके प्रशासन जबाबदार, तितकेच आम्ही.

म्हणून ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रेल्वे आणि पोस्टाच्या कर्मचाऱ्यांची अशी तक्रार केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये जाते. अंतिम आदेशापासून मुदत एक वर्षाची. नियमात अपील असेल तर ते आधी करावे. सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर त्यापुढच्या एका वर्षात कॅट गाठावी. निवेदनांवर निवेदने दिल्याने मुदत वाढत नाही. निवेदन जरूर द्या, पण कॅलेंडरकडे बघत द्या! कॅटमध्ये हरलात तरी उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे.

“वकिलाची फी कुठून आणू?” असे साथी विचारतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987, कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. या कायद्यात न्यायाधिकरणेही येतात. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. ही भीक नव्हे, हक्क आहे. आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणाऱ्या वकिलापासून दूर राहा. तसा करार करायला बार कौन्सिलच्या नियमांचीच मनाई आहे.

शाखांनीही कामाला लागावे. प्रत्येक शाखेत एक वही हवी. पत्र कोणत्या तारखेचे, हाती कधी पडले, मुदत कधी संपते, हे तिच्यात लिहा. मेडिकल बोर्डाचे कागद, पगाराच्या स्लिपा आणि टपालाच्या पावत्या जपा. कोणकोणती पदे तपासून नकार दिला, हे माहिती अधिकारात विचारा. आणि शाखेच्या पदाधिकाऱ्याने कागद वाचल्याशिवाय कोणत्याही आजारी साथीने कोणत्याही फॉर्मवर सही करू नये.

आमचे प्रशासनाला सांगणे आहे, नकार द्यायचा तर कारणासकट आणि कलमासकट द्या. दोन ओळींची पत्रे यापुढे आम्ही फाईलला लावणार नाही, कॅटमध्ये लावू.

आमची सही रुळावर आहे, पत्रावर नव्हे. अपंग झालेला साथी एकटा नाही!

कामगार एकजुटीचा विजय असो!