धोंड कोण लोटील?
हिंगोली जिल्ह्यातील ख्रिस्ती बंधुभगिनींना ईस्टरनिमित्त आवाहन



येत्या ५ एप्रिल २०२६ ला ईस्टर. आपल्याकडे हे दिवस हळदीचे. वसमत, औंढा, कळमनुरी, कुठंही जा. शिवारात कुकरची वाफ आणि अंगणभर वाळत घातलेली हळकुंडं. आपल्यातले कितीतरी जण पहाटेच्या उपासनेला पिवळ्या हातांनीच येतील.

पण यंदा मन जड आहे. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन उभ्या उभ्या सडलं. खरीप गेला, उधारी राहिली. काही घरांत कर्ता माणूसच उरला नाही. अशा घरासमोर उभं राहून ‘प्रभू उठला आहे’ म्हणताना जीभ अडखळते. माझी अडखळली आहे, म्हणूनच हे लिहितो आहे.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या बायका आठवा. पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या, तेव्हा पुनरुत्थानाची वार्ता त्यांना कुठं होती? त्या ती येशूच्या मृतदेहाला लावायला निघाल्या होत्या. कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटील, हाच घोर वाटभर. तरी निघाल्या. आशा त्यांना तिथं पोचल्यावर भेटली.

यंदाचा ईस्टर पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनी आला आहे. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेले. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघं हजारो मैल पायी वणवण फिरली. पुढं १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्याच भुकेची आठवण घेऊन रमाबाई तिकडं गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन आल्या. त्यांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न होताच. त्यातूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर तडीस नेलं. मला तर श्रद्धा म्हटलं की केडगावची हीच बाई आठवते.

म्हणून माझी कळकळीची विनंती. ईस्टरची उपासना आटोपली की थेट घरी जाऊ नका. प्रत्येक कुटुंबाने एका अडचणीतल्या घरी जावं. घर कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं, हे विचारू नये. पत्रक नेऊ नये, उपदेश करू नये, फोटो काढू नये. ओसरीवर बसावं. चहा दिला तर घ्यावा. ते बोलतील तेवढं ऐकावं. नाही बोलले तरी उठायची घाई करू नये.

ज्या घरात आत्महत्या झाली, तिथल्या माउलीला तहसीलच्या खेपा एकटीला घालू देऊ नका. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात शासनाची एक लाखाची मदत मिळते. कागद जमवायला आपली लिहिती-वाचती पोरं सोबत जाऊ द्या. कुणी ‘आता जगून काय करू’ असं बोललं, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका, त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो; तिथंच बसून लावून द्या.

आणि एक. विकायची हळद आपण शिजवतो, बेण्याचे गड्डे मात्र कच्चेच सावलीत पाल्याखाली झाकून ठेवतो. उन्हाळाभर ते मेल्यासारखे पडलेले असतात, मग त्यांना डोळे फुटतात. यंदा गरजेपोटी कुणी बेणंही विकून बसलं असेल. ज्याच्या घरी पुरेसं आहे, त्याने अशा माणसासाठी एक पोतं बेणं वेगळं काढावं.

जूनमध्ये लागवड आहे. पोतं ईस्टरच्या आधीच बाजूला ठेवा.

आपल्याच मंडळीतला एक सभासद,
हिंगोली