काळी सांभाळली, पांढरी कोण सांभाळणार?

चैत्रांत एकवीरा आईच्या जत्रेस कार्ल्याचा डोंगर माणसांनीं भरून जातो. आगरी-कोळी बांधव पालख्या घेऊन पायऱ्या चढतात, आईच्या पायांवर डोकें ठेवतात, शेजारच्या लेण्याच्या तोंडाशीं क्षणभर टेकतात आणि खालीं उतरतात. यंदा आम्हीही शाळेचीं मुलें घेऊन गेलों होतों. लेण्याच्या दारांत एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हें कोणीं केलें?" आम्हीं तोंड उघडण्यापूर्वींच शेजारचे एक म्हातारबाबा म्हणाले, "पांडवांनीं, बाळा. एका रात्रींत."

बाबांचा आम्हांस राग आला नाहीं. त्यांस त्यांच्या आजानें हेंच सांगितलें होतें, आणि आम्हांसही आमच्या आजानें. पण ज्यांनीं वर्षानुवर्षें छिन्नी-हातोडा चालवून डोंगर पोखरला, त्यांच्या घामाचें श्रेय एका रात्रींत दुसऱ्याच्या पदरांत कां पडावें? प्रश्न विचारणारा मुलगा सुताराचा होता. आम्हीं त्यास वर पाहावयास सांगितलें. त्या दगडी कमानीखालीं लाकडाच्या फासळ्या सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. मग दाराकडील लेख दाखविला. धेनुकाकटच्या सामी नांवाच्या सुतारानें हें दाराचें काम केलें, असें त्यांत कोरलेलें आहे. मुलगा बराच वेळ हलला नाहीं. घरीं जातांना त्यानें विचारलें, "म्हणजे आपल्या माणसाचें नांव दगडावर आहे?"

होय, आहे; आणि एकट्या सुताराचेंच नाहीं. जवळच भाज्याच्या लेण्यांत एका नांगऱ्याच्या बायकोचें दान नोंदलेलें आहे. कुड्याच्या लेण्यांत माळ्याचें दान आहे. जुन्नरास बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींचीं नांवें आहेत, आणि धान्य विकणारांच्या श्रेणीनें तेथें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दिली. नाशिकच्या लेण्यांतला हिशेब तर आमच्या विणकर बंधूंनीं पाठ करावा असा आहे. नहपान राजाचा जांवई उषवदात यानें तीन हजार कार्षापणें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेविलीं. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व्याज, एक हजारावर पाऊण. दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० झालें. त्यांतून लेण्यांतील वीस भिक्षूंस कपड्यांसाठीं प्रत्येकीं बारा. मुलांनीं गणित पाटीवर करून पाहावें, बरोबर उतरतें. राजघराण्याचा पैसा त्या काळीं विणकराकडे ठेवींत असे. आज विणकर कर्जासाठीं दुसऱ्याच्या दारांत उभा राहतो. ही गोष्ट त्यास माहीत नसणें हेंही एक दारिद्र्यच होय.

आतां लेण्यांपासून आपल्या गांवांत येऊं. गांव म्हणजे काळी आणि पांढरी. काळींत आपण पेरतों, पांढरींत आपण राहतों. शेंकडों वर्षें राख, शेण व पडक्या भिंतींची माती सांचून जुनी पांढर उंच होते. ती माती खतास उत्तम, म्हणून ती गाड्या भरून काळींत जाते. आमच्या वडिलांनीं ती नेली, लहानपणीं त्याच गाडीवर आम्हीही बसलों. तींतून रंगीत रेघांचीं खापरें निघत. आम्हीं त्यांच्या टिकऱ्या करून खेळ मांडला. आपण काय मोडीत होतों, हें फार उशिरां उमगलें. पूर्वीं माती घमेल्यानें जाई; आतां जेसीबी एका दुपारीं अख्खें टेकाड सपाट करतो.

अशा टेकाडांत काय असतें, तें इनामगांवीं दिसलें. घोडनदीच्या कांठीं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनीं १९६८ पासून बरींच वर्षें उत्खनन केलें. तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें निघालीं, जव निघाले, धान्याचें कोठार निघालें, पाण्याचा पाट निघाला, कुंभाराची भट्टी निघाली. घराच्या जमिनीखालीं दोन मडक्यांचीं तोंडें जोडून त्यांत पुरलेलीं लहान लेकरें निघालीं. मेलेलें मूल घराबाहेर जाऊं न देणारी ती आई कोणत्या बखरींत सांपडणार? कुणब्याची बखर कोणीं लिहिली नाहीं. ती मातींत आहे, आणि तीच माती आपण गाडींत भरतों.

"पोटास भाकर नाहीं आणि गुरुजी खापरें पुरवतात!" असें कोणी म्हणेल. खत नेऊं नका असें आम्ही म्हणत नाहीं. नेतांना डोळे उघडे ठेवा, एवढेंच आमचें मागणें आहे. १९७४ सालीं प्रवरेकांठच्या दायमाबादेस एक भिल्ल शेतकरी झाडाच्या मुळाशीं खणीत असतां कांशाचीं चार चित्रें निघालीं: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचें वजन साठ किलोंहून अधिक. तीं मोडींत गेलीं असतीं तर कोणास कळलें असतें? गोव्यांत उसगाळीमळची कातळचित्रें १९९३ सालीं संशोधकांस गांवकऱ्यांनींच दाखविलीं. रत्नागिरीच्या सड्यांवरील चित्रें कांहीं हौशी माणसांनीं पायीं हिंडून, गुराख्यांस विचारून नोंदलीं. हौशी माणूस तो हाच! रात्रीं कुदळ घेऊन वीरगळाखालीं धन शोधणारा नव्हे. मातीचा थर म्हणजे पोथीचें पान; तें फाडलें कीं पुन्हा जुळत नाहीं.

दुसरी भीति अशी कीं, कळविलें तर सरकार जमीन घेईल. ही भीति अगदींच वाऱ्यावरची नाहीं. केंद्र सरकारनें संरक्षित ठरविलेल्या वास्तूभोंवतीं १०० मीटरांत नव्या बांधकामास बंदी आहे, आणि तिचा त्रास लहान माणसास होतो. त्याची दाद सरकारनें घेतलीच पाहिजे. पण शेतांत एक नाणें सांपडलें म्हणून शेत जात नाहीं. उलट १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचें गुप्तधन कलेक्टरास कळवावें लागतें. लपविल्यास सांपडविणाराचा वांटा तर जातोच, वर शिक्षाही होते.

२०२५ सालीं शिवकालाशीं निगडित बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत आहेत. मिरवणुका निघाल्या, तें ठीक झालें. पण त्याच गडांवर कोळशानें नांवें लिहिणारे हात आमच्याच पोरांचे आहेत, हेंही आम्हांस म्हटलें पाहिजे.

म्हणून प्रत्येक गांवानें इतकें करावें. वीरगळ, सतीशिळा, जुनी बारव, लेख असलेला दगड यांची यादी शाळेच्या वहींत करावी. दगडांस तैलरंग फांसूं नये. सांपडलेली वस्तु घांसूं नये, जागा ध्यानांत ठेवावी आणि तलाठ्यास कळवावें. आणि वर्षांतून एकदां तरी मुलांस भाकरी बांधून जवळचें लेणें दाखवावें, व तेथें कोरलेलीं कारागिरांचीं नांवें मोठ्यानें वाचून घ्यावींत.

आमच्या शाळेची वही आम्हीं सुरू केली आहे. पहिल्या पानावर तो सुताराचा मुलगा लिहितो आहे.