तान्हा पोळा आणि लांबची नातवंडं

विदर्भातल्या आर्णीतली पोरं शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईकडे गेली आणि नातवंडं तिथलीच झाली. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’च्या पुढे गाडी सरकत नाही, कारण आजोबा-नातवंडांना मिळून करायला काही नसतं. तान्हा पोळा ते काम देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरच्या भोसल्यांनी सुरू केला म्हणतात. पुण्यात तो फारसा कुणाला ठाऊक नाही. बैल कसा सजवायचा, हे आजोबांनीच फोनवर सांगावं. जमलं तर स्वतः जावं: ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे. पण आर्णीला रेल्वे नाही आणि रात्रभराची बस म्हाताऱ्या कंबरेला झेपत नाही. तेव्हा पोरांनो, यंदा पोळ्याला, म्हणजे श्रावण अमावास्येला, जोडून सुटी टाका आणि नातवंडांना घेऊन या.