पंचमीला अकरा दिवस कमी

तंजावरहून उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव आहे. नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे स्थान. संत त्यागराजांनी आयुष्याचा बहुतेक काळ येथे घालविला व १८४७ साली पौष वद्य पंचमीस येथेच देह ठेवला. त्यांच्या समाधीपाशी दरवर्षी त्या तिथीस शेकडो गायक-वादक समोरासमोर ओळीने बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील त्यांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. मराठी माणसाला हा मुलूख परका वाटू नये. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या घराण्यांतील कित्येक घरांत अजूनही जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. व्यंकोजीराजे दक्षिणेत उतरले तेव्हा मुक्कामाची मुदत त्यांना कोणी विचारली नव्हती, हा भाग निराळा.

२०२५ च्या जानेवारीत मी अशाच एका घरी उतरलो होतो. घरच्या वयोवृद्ध गृहिणी वीणा शिकवितात. मी त्यांना अक्का म्हणतो. शिष्या मात्र तमिळ रिवाजाप्रमाणे मामी म्हणतात. शिष्यांमध्ये एक अमेरिकन तरुणी होती. आदल्या जुलैच्या १२ तारखेस ती भारतात आली, आणि तेव्हापासून रोज पहाटे फणसाच्या लाकडाच्या तंजावरी वीणेपुढे बसत असे. पहिल्या तीन कृती तिच्या हाती बसल्या होत्या. अडले ते चौथीपाशी. वराळी राग गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवू नये, शिकविल्यास दोघांत दुरावा येतो, अशी कर्नाटक संगीतात जुनी समजूत आहे. अक्का ती कसोशीने पाळतात. त्यांचे म्हणणे, वराळी पंचमीच्या दिवशी काठावर बसून कानांनी उचलावी. ध्वनिमुद्रण ऐकून का चालू नये, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, “त्या यंत्राला माझ्या शेजारी मांडी घालून बसता येते का?”

त्या वर्षी पंचमी १८ जानेवारीस होती. मुलीचा मुक्काम ७ जानेवारीस संपत होता.

हा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. अमेरिकन नागरिकाला भारताचा पर्यटक व्हिसा १० वर्षांचा मिळू शकतो. परंतु एका खेपेस सलग १८० दिवसांहून अधिक राहता येत नाही. या व्हिसावर संगीत, नृत्य, भाषा अशा गोष्टी थोड्या मुदतीत शिकण्यास हरकत नसते. अभ्यासक्रम रीतसर नसावा आणि शेवटी प्रमाणपत्र मिळू नये, एवढीच अट. अक्कांच्या ओसरीवर प्रमाणपत्र मिळण्याची भीती कोणालाच नव्हती. विद्यार्थी-व्हिसासाठी मात्र मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश लागतो, आणि अक्का म्हणजे काही संस्था नव्हे. दिवस भरले म्हणजे परदेशी पाहुण्याने देशाबाहेर जावे; देशात राहूनच पर्यटकाची मुदत सामान्यतः वाढवून मिळत नाही. मुदतीनंतर राहणे हा तेव्हा १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली गुन्हा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे, आणि गुन्हा अर्थातच कायम आहे.

बाहेर जावे, आणि परत यावे. सीमा ओलांडल्याने व्हिसा नवा होतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. व्हिसा जुनाच असतो, आणि तो अनेक वेळा प्रवेश देणारा असला तरच उपयोगाचा. नवा होतो तो मुक्काम. परत येताना अधिकारी पारपत्रावर शिक्का मारतो तेव्हा दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मात्र तो शिक्का मारणे हे त्याच्या अखत्यारीत असते. हाती व्हिसा आहे म्हणून प्रवेश मागण्याचा हक्क पोहोचत नाही. शिवाय अलीकडे एका कॅलेंडर वर्षातील एकूण दिवसांवरही मर्यादा घातलेली असते, तेव्हा असे फेरे मारून बारा महिने राहता येईल अशा भरवशावर कोणी राहू नये.

तिरुवैयारुहून सर्वांत जवळचा परदेश म्हणजे श्रीलंका. एके काळी मद्रासहून बोट मेलने धनुष्कोडीस जावे व तेथून आगबोटीने तलैमन्नारला उतरावे, असा सरळ मार्ग होता. १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिणम् ते कांकेसंतुरै अशी बोट सुरू झाली, आणि ते बंदर तर तंजावरहून गाडीने दोन-अडीच तासांवर. परंतु ईशान्य मोसमात समुद्र खवळलेला असतो व बोट बंद राहते. म्हणून मुलीने तिरुच्चिरापळ्ळी ते कोलंबो असे विमानाचे तिकीट काढले. जाणे ५ तारखेस, येणे ८ तारखेस.

अक्कांना हा बेत मुळीच रुचला नाही. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी त्यांची एक जर्मन शिष्या अशीच पंचमीच्या तोंडावर कोलंबोला गेली आणि तेथेच अडकली. २००९ च्या अखेरीस सरकारने नियम केला होता की, पर्यटक व्हिसावर एकदा देश सोडला म्हणजे पुढील प्रवेशापूर्वी दोन महिने लोटले पाहिजेत. मुंबईवरील हल्ल्याच्या तपासात डेव्हिड हेडली येथे वारंवार येऊन गेल्याचे उघड झाले होते; तेव्हा नियमामागील चिंता खोटी म्हणता येणार नाही. तथापि जाळे टाकले एका माशासाठी आणि त्यात सापडले भलतेच. सवलतीसाठी अर्ज करण्याची सोय होती, पण त्या शिष्येला ती वेळेवर साधली नाही. ती परतली तेव्हा चैत्र लागला होता, नदी कोरडी पडली होती आणि तिची वराळी राहिली ती राहिलीच. २०१२ च्या अखेरीस हा नियम, काही मोजक्या देशांचे नागरिक वगळता, मागे घेण्यात आला. हे मी अक्कांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि मुलीची वीणा जुन्या रेशमी लुगड्यात गुंडाळून देवघरात ठेवली. वीणेचे २४ पडदे मेणात बसविलेले असतात. ते उन्हापासून जपावे लागतात, हे त्यांनी कारण दिले. जानेवारीत तंजावरला ऊन ते किती!

ते तीन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. मला आमच्याकडील मंडळींची आठवण होत होती. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस जाणाऱ्या आयांना तेथे उतरताना बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. दिवस भरत आले की कोणीतरी सुचविते, नायगराच्या पलीकडे कॅनडात दोन दिवस जाऊन या, नवे सहा महिने मिळतील. हा सल्ला ऐकून त्यावर विसंबू नये. कॅनडा वा मेक्सिकोत ३० दिवसांहून कमी काळ जाऊन परतणाऱ्यास साधारणपणे जुनीच तारीख लागू राहते. मुदत संपण्यापूर्वी रीतसर अर्ज करणे हाच तेथील मार्ग. युरोपातील शेंगेन देशांत तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हे गणित पक्के आहे, सीमा कितीही वेळा ओलांडा. म्हणून तारीख तिकिटावरची किंवा व्हिसावरची न पाहता, उतरताना मिळालेल्या मुक्कामाची पाहावी.

८ तारखेस रात्री उशिरा मुलगी परतली. तिरुच्चिरापळ्ळीच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले, इतक्या लगेच पुन्हा का आलात? पंचमीसाठी, असे तिने सांगितले. त्याने ती कोणत्या कृती शिकते ते विचारले, व्हिसा बाहेर काहीजण करतात तसा नोकरीसाठी वापरत नाही ना याची खात्री केली, आणि शिक्का मारला. अक्कांनी तो शिक्का चष्मा लावून दोनदा वाचला.

पंचमीच्या सकाळी आम्ही समाधीपाशी गेलो. ही समाधी बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःची पुंजी खर्चून बांधविली, आणि आरंभी त्यांनाच, स्त्री म्हणून, तेथील उत्सवात गाण्यास मज्जाव होता. आता स्त्रियांची रांग पुरुषांइतकीच लांब असते. मुलगी अक्कांना खेटून बसली. पहिल्या तीन कृती तिने सर्वांबरोबर गायिल्या. चौथी सुरू होताच तिने ओठ मिटले व डोळेही.

दुपारी घरी आल्यावर अक्का स्वयंपाकघरात गेल्या. मुलीने देवघरातून वीणा आणली, लुगडे उलगडले आणि ऐकलेले बोटांनी चाचपडत वाजवू लागली. जेथे जेथे स्वर चुके तेथे तेथे आतून पातेल्यावर पळी जोराने वाजे. मी चकित होऊन आत पाहिले, तेव्हा अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे शिकवणे नव्हे हो. मी सांबार ढवळते आहे.”