हात आवरा, तर मकरूद खुसखुशीत



रवा भिजवला की आपला हात आपोआप मळायला धावतो. करंजीचा रवा तर आपण कुटून कुटून मऊ करतो. आजच्या पदार्थात मात्र मळणे हीच मोठी चूक. पहिल्या खेपेस मी सवयीने रवा चांगला मळला आणि अर्धा किलो खजूर घालून केलेला सगळा घाणा वातड झाला. मुलांनी आतला खजूर खाल्ला, वरचे कवच ताटात ठेवले!

या पदार्थाचे नाव मकरूद. उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया, अल्जीरिया, लिबिया या देशांत तो रमजानात व ईदला घरोघरी करतात. ट्युनिशियातील कैरवान शहराचा मकरूद तर विशेष नावाजलेला. त्या देशाच्या उत्तरेस गहू पिकतो, पूर्व किनाऱ्याकडे ऑलिव्हच्या बागा आहेत आणि दक्षिणेस वाळवंटातील पाणथळ जागी खजूर होतो. या तिन्ही पिकांचा मेळ एका वडीत बसला आहे.

साहित्य : जाडसर रवा ४ वाट्या (बन्सी गव्हाचा मिळाल्यास उत्तम, तिकडचा रवाही त्याच जातीच्या कठीण गव्हाचा असतो), तेल किंवा पातळ तूप सव्वा वाटी, चिमूटभर मीठ, कोमट पाणी सुमारे १ वाटी, तळण्यासाठी तेल.

सारण : बिया काढलेला मऊ खजूर अर्धा किलो, दालचिनीची पूड १ चमचा, संत्र्याची किसलेली साल, तेल २ चमचे.

पाक : साखर २ वाट्या, पाणी १ वाटी, अर्ध्या लिंबाचा रस. पाक चिकट होईपर्यंत उकळावा. घरचा मध असल्यास तो कोमट करून घ्यावा.

कृती : रव्यात मीठ व गरम मोहन घालून दोन्ही तळव्यांनी चोळावे. प्रत्येक कणाला तेल लागले पाहिजे. झाकून निदान २-३ तास ठेवावे. रात्रभर ठेवल्यास अधिक चांगले. खजूर कोरडा असल्यास वाफवून घ्यावा, मसाला घालून कुटावा आणि त्याच्या बोटाएवढ्या जाड वळ्या कराव्यात.

आता रव्यावर थोडे थोडे पाणी शिंपडून बोटांच्या टोकांनी गोळा करावा. मुठीत दाबल्यावर तो एकत्र राहिला की लगेच थांबावे. मळल्याने गव्हाचा चिकटपणा सुटतो आणि पदार्थ चिवट होतो.

थोडा गोळा लांबट करून मधोमध खाच पाडावी, तीत खजुराची वळी ठेवून कडा मिटवाव्यात. हलक्या हाताने लाटून चपटे करावे व शंकरपाळ्यासारखे तिरके तुकडे कापावेत. तिकडे वर लाकडी ठशाने नक्षी उठवतात. आपण काट्याने रेघा ओढाव्यात.

तेल चांगले तापल्यावरच तुकडे सोडावेत. थंड तेलात ते विरतात आणि सगळे तेल गढूळ होते. पहिल्यांदा एकच तुकडा टाकून पाहावा. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की निथळून लगेच कोमट पाकात बुडवावेत व चाळणीवर काढावेत. गार झाल्यावर डब्यात भरावेत; पंधरा दिवस सहज टिकतात.

एक मकरूद मोडून पाहा. रव्याचा कण जिभेला वेगळा लागला, तर तुमचा हात वेळेवर थांबला असे खुशाल समजा.