दया आणि समता

कुमारांच्या मनांतील जातिद्वेष व वंशद्वेष ललित वाङ्मयाच्या द्वारे घालवावा, या विचारास उघड विरोध करणारा सुशिक्षित मनुष्य सहसा आढळणार नाही. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी २०१८ साली वंशद्वेषाविरुद्ध जाहीर पत्र काढले. आमच्याकडील शाळा, मग त्या मिशनच्या असोत वा नगरपरिषदेच्या, समतेचे नाव आदरानेच घेतात. आमची तक्रार निराळीच आहे. हे शिक्षण दयेपाशी येऊन थांबते. आणि दया म्हणजे समता नव्हे.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) ही कादंबरी अमेरिकेतील शाळांतून पिढ्यानुपिढ्या शिकविली गेली. तीत कथा सांगते ती गोऱ्या वकिलाची मुलगी. आरोपी कृष्णवर्णीयाचे अंतरंग वाचकास फारसे दिसत नाही. आमच्या 'श्यामची आई'त (१९३५) आई श्यामला एका महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढविण्यास पाठविते. प्रसंग थोर खरा, परंतु तो श्यामच्या घरातून पाहिलेला आहे. म्हातारीच्या मनात काय आले, हे विचारण्याची सवय आम्ही मुलांस लावली काय?

ते सांगणारे पुस्तकही याच रत्नागिरी जिल्ह्याने दिले आहे. टोपल्या विणून संसार चालविणाऱ्या आईची मुलगी ऊर्मिला पवार यांनी 'आयदान' (२००३) लिहिले. शाळेतील शेण काढण्याचे काम आपल्या वाट्यास कसे आले, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. कोणी म्हणेल, असले कटू वाचन कोवळ्या मनांस सोसणार नाही. ज्या मुलीने ते भोगले तिचे मन काय दगडाचे होते? भोगणे सोसावे आणि वाचणे मात्र सोसू नये, हा न्याय अजब आहे!

रत्नागिरी शहरातील मिरकरवाड्याकडेच पाहावे. तेथील मुसलमान मच्छीमारांनी आणलेली मासळी आमच्या ताटात चालते. बोटींवर राबणाऱ्या नेपाळी खलाशांचे श्रमही चालतात. परंतु कोणास अंगाच्या वासावरून, कोणास डोळ्यांच्या ठेवणीवरून हिणविणारे शब्द आमची मुले कोठे शिकतात? पुस्तकात नव्हे, घरी, वडीलधाऱ्यांच्या तोंडून. म्हणून या प्रश्नाचे अर्धे उत्तर शिक्षकांनी द्यावयाचे आहे, आणि अर्धे आम्ही पालकांनी.

साने गुरुजींस बाजूस सारा, असे आम्ही म्हणत नाही. खुद्द गुरुजी दयेपाशी थांबले नाहीत. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले. त्यांची मागणी भिक्षेची नव्हती, हक्काची होती. तेव्हा 'श्यामची आई'शेजारी 'आयदान' ठेवा. आणि मिरकरवाड्यातील मुलाने आपल्या घराविषयी लिहिलेला निबंध वर्गात तितक्याच मानाने वाचू द्या. ज्याच्याविषयी आपण आजवर बोलत आलो, त्याचे बोलणे ऐकून घेणे, हाच समतेचा पहिला धडा होय.